यूलिउस फोन झाक्स

यूलिउस फोन झाक्स (२ ऑक्टोबर १८३२, ब्रेस्लाउ – २९ मे १८९७, वुर्झबर्ग) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वनस्पतींच्या शरीरक्रियांचा अभ्यास प्रयोग आणि मोजमाप यांच्या पायावर उभा करणाऱ्या शास्त्रज्ञांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. मातीविना, क्षार विरघळवलेल्या पाण्यात झाडे वाढवण्याची पद्धत, प्रकाशात पानामध्ये पिष्ट तयार होते याचा पुरावा आणि लोहाअभावी नवी पाने पिवळी-पांढरी पडतात हे दाखवणारे प्रयोग, ही त्यांची प्रमुख कामगिरी होय. महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला केवडा म्हणतात, त्या विकाराचा शास्त्रीय इतिहास झाक्स यांना वगळून सांगता येत नाही. सोलापूरसारख्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीच्या प्रदेशात द्राक्ष, ऊस व भुईमुगापासून कुंडीतील शोभेच्या निवडुंगापर्यंत अनेक वनस्पतींत हा विकार आढळतो. त्यामुळे त्यांच्या प्रयोगांचे महत्त्व येथील वाचकालाही जवळचे वाटावे.

बालपण आणि शिक्षण

झाक्स यांचा जन्म तत्कालीन प्रशियातील ब्रेस्लाउ या शहरात झाला. हे शहर आता पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ असे आहे. वडील धातूवर कोरीवकाम करणारे कारागीर होते. घरची स्थिती बेताची होती. मात्र वडिलांकडून मुलाला रेखाटनाचे शिक्षण मिळाले आणि तेच पुढे त्याच्या उपजीविकेचे साधन ठरले. पाने, फुले व अळंबी यांची बारकाईने चित्रे काढण्याची सवय त्यांना शालेय वयातच लागली. त्यांच्या पाठ्यपुस्तकांतील असंख्य आकृत्या त्यांनी स्वतः काढलेल्या आहेत आणि दुसऱ्यांच्या ग्रंथांत त्या दीर्घकाळ उद्धृत होत राहिल्या.

१८४८ आणि १८४९ या लागोपाठच्या दोन वर्षांत वडील व आई यांचे निधन झाले. सोळा-सतरा वर्षांच्या या मुलापुढे शिक्षण सोडण्यावाचून मार्ग उरला नव्हता. या वेळी प्रसिद्ध शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान एव्हान्गेलिस्टा पुर्किन्ये यांनी त्यांना आधार दिला. पुर्किन्ये हे तोवर ब्रेस्लाउ येथे प्राध्यापक होते आणि त्यांच्या मुलांशी झाक्स यांची मैत्री होती. १८५० मध्ये पुर्किन्ये प्रागला गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी झाक्स यांना चित्रकार-मदतनीस म्हणून बोलावून घेतले. प्राग येथे नोकरी करीत त्यांनी शालेय व विद्यापीठीय शिक्षण पूर्ण केले, १८५६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १८५७ मध्ये वनस्पतिशरीरक्रियाविज्ञान शिकवण्याचा परवाना घेतला. हा विषय त्या काळी विद्यापीठांत स्वतंत्रपणे जवळजवळ शिकवला जात नसे. वनस्पतिशास्त्र म्हणजे वनस्पती ओळखणे, त्यांची नावे ठरवणे व वर्गीकरण करणे, अशीच समजूत रूढ होती. एका प्राणिशरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत घडलेल्या झाक्स यांना मात्र झाड कसे जगते, काय खाते आणि कसे वाढते हे प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटत.

टारांट : मातीविना वाढलेली झाडे

१८५९ मध्ये झाक्स ड्रेस्डेनजवळच्या टारांट येथील कृषी व वनविद्या संस्थेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. हा काळ शेतीच्या रसायनशास्त्राचा होता. युस्टुस फोन लीबिख यांनी १८४० मध्ये मांडलेल्या मतानुसार झाडाला जमिनीतून हवे असतात ते खनिज क्षार. कुजलेल्या पदार्थांतील सेंद्रिय द्रव्य हे त्याचे मुख्य अन्न नव्हे. या मताभोवती वीस वर्षे वाद चालू होता. मातीत शेकडो पदार्थ मिसळलेले असतात आणि त्यांतील कोणता आवश्यक व कोणता नुसताच उपस्थित, हे मातीत झाड वाढवून ठरवता येत नाही, ही या वादातील खरी अडचण होती.

झाक्स यांनी मातीच वगळली. मका, वाल यांसारख्या वनस्पतींचे बी ओलसर भुशात रुजवून, रोपाची मुळे स्वच्छ धुऊन, ते बुचाच्या आधाराने काचेच्या बरणीच्या तोंडाशी बसवायचे आणि मुळे आतील पाण्यात सोडायची, अशी त्यांची रीत होती. पाण्यात पोटॅशियम नायट्रेट, जिप्सम, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम फॉस्फेट आणि थोडे मीठ असे. त्यांच्या प्रसिद्ध द्रावणात एक लिटर पाण्यास एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि जिप्सम, मॅग्नेशियम सल्फेट व कॅल्शियम फॉस्फेट प्रत्येकी अर्धा ग्रॅम, असे प्रमाण होते. लोहाचा तर नुसता अंश पुरे होई. मुळांवर उजेड पडून शेवाळ धरू नये म्हणून बरणी झाकून ठेवीत. मक्याची रोपे या पाण्यावर वाढली, फुलली आणि त्यांना रुजण्याजोगे दाणे धरले. १८६० मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास लाइपझिगजवळ मोकर्न येथील कृषी प्रयोगकेंद्रात विल्हेल्म क्नोप हेही याच दिशेने काम करीत होते. म्हणून जलसंवर्धन पद्धतीचे श्रेय दोघांनाही दिले जाते. आज मातीविना भाजीपाला पिकवणारी हरितगृहे याच पद्धतीवर उभी आहेत.

लोह आणि पांढरी पाने

या पद्धतीचे सामर्थ्य सर्वांत स्पष्ट दिसले ते लोहाच्या प्रयोगात. द्रावणातील इतर सर्व क्षार जसेच्या तसे ठेवून फक्त लोह वगळले, तर मक्याच्या रोपाची पहिली तीन-चार पाने हिरवी निघतात. बियाण्यात साठलेले लोह तेवढ्यापुरते पुरते. त्यानंतरचे पान टोकाशी हिरवट व बुडाशी फिकट निघते आणि पुढची पाने संपूर्ण पांढरी येतात. जुनी पाने मात्र हिरवीच राहतात. या अवस्थेत द्रावणात लोहक्षाराचे काही थेंब टाकले, तर एक-दोन दिवसांत पांढऱ्या पानांवर हिरवी झाक येते आणि आणखी थोड्या दिवसांत ती पूर्ण हिरवी होतात. लोहाचे सौम्य द्रावण पांढऱ्या पानाच्या एका भागावर नुसते लावले तरी तेवढाच भाग हिरवा होतो.

हे निरीक्षण सर्वस्वी नवे नव्हते आणि याचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. फ्रान्समध्ये युझेब ग्री (१७९९–१८४९) यांनी १८४३–४४ मध्येच पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाचे विद्राव्य क्षार देऊन ती हिरवी केली होती. पानावर द्रावण लावण्याची युक्तीही त्यांचीच. त्यांचे पुत्र आर्तूर ग्री यांनी पुढे सूक्ष्मदर्शकाखाली अशा पानांच्या पेशींतील हरितलवकांचा अभ्यास केला. परंतु ग्री यांचे प्रयोग मातीतील झाडांवरचे होते. माती, तिच्यातील इतर द्रव्ये आणि त्यांचा लोहाशी होणारा व्यवहार यांना बाजूला सारून, लोह हे वनस्पतीला अपरिहार्य आहे असे निर्विवादपणे ठरवण्याचे काम जलसंवर्धनाने केले.

वाढीच्या दृष्टीने या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक बोधक आहे. पांढरे पान अन्न तयार करू शकत नाही. लोहाविना ठेवलेले रोप काही दिवस बियाण्यातील शिदोरीवर उंच होते, नवी पानेही काढते, पण त्याचे शुष्क वजन वाढत नाही आणि शेवटी ते उपासमारीने मरते. म्हणजे पिवळेपणा हा नुसता रंगाचा दोष नसून अन्ननिर्मिती थांबल्याची खूण आहे. याउलट, लोहाची मात्रा गरजेपेक्षा वाढवली म्हणून रोप अधिक जोमाने वाढत नाही. मात्रा फार झाली तर मुळांनाच अपाय होतो. अल्प मात्रेत अत्यावश्यक आणि जास्त मात्रेत विषारी, या वर्गातील पोषक द्रव्यांना आज सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणतात.

एका बाबतीत त्या पिढीची समजूत चुकीची होती. लोह मिळताच पान हिरवे होते, तेव्हा लोह हा हरितद्रव्याचाच घटक असावा असे अनेकांना वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभी रिखार्ड व्हिलष्टेटर यांनी हरितद्रव्याची घटना उलगडली, तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असल्याचे आढळले. लोह लागते ते हरितद्रव्य घडवण्याच्या प्रक्रियेसाठी आणि पेशीतील ऊर्जेच्या देवघेवीत भाग घेणाऱ्या प्रथिनांसाठी.

संगमरवरावरील मुळांच्या खुणा

याच वर्षांतील आणखी एक प्रयोग शाळांतून अजूनही करून दाखवण्यासारखा आहे. झाक्स यांनी गुळगुळीत घासलेली संगमरवराची फरशी कुंडीच्या तळाशी ठेवून तिच्यावर वाळू टाकली आणि त्या वाळूत रोप लावले. मुळे खाली जाऊन फरशीला चिकटून पसरली. काही दिवसांनी फरशी काढून धुतली, तेव्हा तिच्यावर मुळांचे संपूर्ण जाळे खरवडल्यासारखे उमटलेले होते. मुळे आम्लधर्मी स्राव सोडतात आणि त्यांच्या संपर्कात आलेला चुनखडीचा दगड विरघळतो, हे यातून दिसले. मूळ हे पाणी शोषणारी निष्क्रिय नळी नसून ते मातीतील घट्ट बांधलेली द्रव्ये स्वतः सोडवून घेते, ही कल्पना या फरशीमुळे डोळ्यांना दिसू लागली. चुनखडीच्या जमिनीत लोह का मिळत नाही, या कोड्याचा अर्धा उलगडाही तिच्यात होता.

पॉपेल्सडोर्फ, फ्रायबुर्ग आणि पिष्टाचा शोध

१८६१ ते १८६७ या काळात झाक्स बॉनजवळच्या पॉपेल्सडोर्फ येथील कृषी अकादमीत अध्यापक होते. येथे त्यांनी पानातील पिष्टावर काम केले. पान मद्यार्कात ठेवून त्याचा हिरवा रंग काढून टाकायचा आणि मग आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे. जेथे पिष्ट असेल तेथे ते निळे-काळे होते. पानाचा काही भाग झाकून उरलेला उन्हात ठेवला, तर फक्त उन्हातील भाग काळा होतो. हरितलवकांत दिसणारे पिष्टाचे कण हे प्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडपासून बनलेल्या अन्नाचे पहिले दृश्य रूप आहे, असा निष्कर्ष त्यांनी यावरून काढला. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत प्रकाशसंश्लेषणाच्या पाठाबरोबर केला जाणारा पिष्ट परीक्षेचा प्रयोग हा मूळ त्यांचाच आहे, मात्र पाठ्यपुस्तकांत तो सहसा त्यांच्या नावाविना येतो.

१८६५ मध्ये त्यांचा वनस्पतींच्या प्रायोगिक शरीरक्रियाविज्ञानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ मध्ये ते फ्रायबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे जेमतेम वर्षभर राहून १८६८ मध्ये ते वुर्झबर्ग विद्यापीठात गेले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. इतर मोठ्या विद्यापीठांची निमंत्रणे त्यांनी नाकारली.

वुर्झबर्ग

वुर्झबर्ग येथील त्यांची प्रयोगशाळा हे पुढील दोन दशके वनस्पतिशरीरक्रियाविज्ञानाचे तीर्थक्षेत्रच होते. विल्हेल्म प्फेफर, ह्यूगो द व्ह्रीस, कार्ल ग्योबेल, गेओर्ग क्लेब्स, फ्रेडरिक बॉवर आणि चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी तेथे काम केले. खोडाची वाढ आपोआप नोंदवणारे वृद्धिमापक आणि गुरुत्वाकर्षणाचा एकतर्फी परिणाम टाळण्यासाठी रोप सावकाश फिरवत ठेवणारे क्लिनोस्टॅट ही उपकरणे त्यांनी वापरात आणली. १८६८ मध्ये निघालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या १८७४ पर्यंत चार आवृत्त्या झाल्या आणि १८७५ मध्ये ऑक्सफर्डहून त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. वनस्पतिशास्त्राचा इतिहास (१८७५) आणि वनस्पतिशरीरक्रियाविज्ञानावरील व्याख्याने (१८८२) हे त्यांचे अन्य दोन प्रमुख ग्रंथ होत. इतिहासाच्या ग्रंथात पूर्वसूरींविषयीचे त्यांचे निवाडे ठिकठिकाणी कठोर आणि कधी कधी एकांगी आहेत. १८७७ मध्ये बव्हेरियाच्या राजदरबाराकडून मिळालेल्या सन्मानामुळे त्यांच्या नावात फोन हे उपपद आले. १८८८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले.

पिवळी पडणारी बाग

वुर्झबर्ग हे माइन नदीकाठचे, द्राक्षमळ्यांनी वेढलेले शहर चुनखडीच्या टेकड्यांत वसले आहे. अशा जमिनीत बागेतील शोभेची झाडे व झुडपे पिवळी पडणे ही नेहमीची तक्रार. बरणीतील मक्यावर लोहाचा प्रयोग केल्यानंतर सुमारे पाव शतकाने झाक्स याच प्रश्नाकडे परतले आणि केवडा पडलेल्या बागेतील झाडांच्या उपचारांविषयीचे अनुभव त्यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. झाडांच्या मुळांशी लोहक्षार पुरेशा पाण्याबरोबर दिल्यास पिवळी पाने हिरवी होतात, हे त्यांनी माळ्यांना उपयोगी पडेल अशा रीतीने मांडले.

हा लेख त्यांच्या मोठ्या ग्रंथांच्या सावलीत राहिला, पण त्यातील प्रश्न बरणीतील प्रश्नापेक्षा अवघड होता. बरणीत लोह नव्हते म्हणून पाने पांढरी झाली. कारण आणि परिणाम यांत अंतर नव्हते. बागेच्या मातीत लोह होते, तरीही झाड उपाशी होते. झाक्स यांनी उपाय दिला. मात्र मातीत असलेले लोह झाडाला का मिळत नाही, याचे पूर्ण उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही. त्या उत्तरासाठी मृदारसायनशास्त्राची आणखी प्रगती व्हावी लागली.

डार्विन यांच्याशी वाद आणि अखेरची वर्षे

१८८० मध्ये चार्ल्स व फ्रान्सिस डार्विन यांचा वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुळाचे टोक गुरुत्वाकर्षण ओळखते आणि त्याचा संदेश वरच्या वाढत्या भागाकडे जाऊन मूळ वळते, असे त्यांनी मांडले. टोक कापलेली मुळे वळत नाहीत हा त्यांचा पुरावा होता. झाक्स यांना हे मत मान्य झाले नाही. सुसज्ज प्रयोगशाळेबाहेर, घरगुती साधनांनी केलेले प्रयोग त्यांना अविश्वसनीय वाटत आणि डार्विन यांच्या कौशल्याविषयी त्यांनी तुच्छतेचे उद्गार काढले. वस्तुतः त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेला फ्रान्सिस या ग्रंथाचा सहलेखक होता. पुढील संशोधनाने मुळाच्या टोकाविषयी डार्विन पितापुत्रांचेच म्हणणे मूलतः खरे ठरवले. झाडात पाणी पेशींच्या भित्तींमधून मुरत वर चढते, हा झाक्स यांचा आग्रही सिद्धान्तही टिकला नाही. मोजमापाच्या कामात अत्यंत दक्ष असलेला हा माणूस मतभेदाच्या प्रसंगी मात्र लवकर चिडे, आणि उतारवयात जुन्या शिष्यांशीही त्यांचे संबंध दुरावले.

तरुणपणापासूनच्या अतिश्रमांचा परिणाम प्रकृतीवर झाला होता. निद्रानाश व मज्जाविकाराच्या वेदना यांसाठी घेतलेल्या औषधांनी ती अधिकच ढासळली. शेवटच्या दशकात त्यांचे प्रयोगकार्य मंदावले. २९ मे १८९७ रोजी वुर्झबर्ग येथे त्यांचे निधन झाले. तोवर जर्मनीतील व इंग्लंडमधील अनेक प्रमुख अध्यासनांवर त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे बसलेली होती.

नंतरचे संशोधन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यावर कीडप्रतिकारक अमेरिकन खुंटांवर कलमे बांधण्यात आली. चुनखडीच्या जमिनीत त्यांपैकी बरेच खुंट पिवळे पडू लागले. १८८७ मध्ये पिएर व्हियाला यांना चुनखडीत तग धरणारे खुंट शोधण्यासाठी मुद्दाम अमेरिकेला पाठवण्यात आले. लोह घालण्याऐवजी लोह मिळवू शकणारे मूळ निवडावे, हा या विकारावरील दुसरा मार्ग तेव्हापासून रूढ झाला.

पुढे असे स्पष्ट झाले की मातीतील बहुतेक लोह त्रिसंयुज रूपात, म्हणजे गंजासारख्या अविद्राव्य स्वरूपात असते. मातीचा सामू एका अंकाने वाढला की द्रावणातील त्रिसंयुज लोह सुमारे हजारपटीने घटते. बहुतेक द्विदल वनस्पतींची मुळे आम्ल सोडून व लोहाचे क्षपण करून ते विद्राव्य करतात. मका-गव्हासारखी तृणकुळातील पिके लोहाला धरून ठेवणारी विशिष्ट द्रव्ये मुळांतून स्रवतात. चुनखडीच्या जमिनीत बायकार्बोनेट हे मुळांनी सोडलेले आम्ल निष्प्रभ करून टाकते. संगमरवरी फरशीवर मुळांचे जाळे उमटवणारे आम्ल येथे चुन्याशी झुंजण्यातच खर्ची पडते.

दख्खनची काळी जमीन आणि केवडा

सोलापूर जिल्ह्यातील माती ही बसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली आहे आणि बसाल्टमध्ये लोह विपुल असते. मातीच्या एकूण वजनात ते काही टक्के भरते. तरीही पिकाला उपलब्ध होणारे लोह मृदापरीक्षणात दर किलो मातीस ४.५ मिलिग्रॅमच्या खाली आढळले, तर ती जमीन लोहाच्या बाबतीत कमतरतेची धरली जाते. मातीतील चुनखडीचे खडे, सामू आठच्या आसपास, विहिरी व कूपनलिकांचे जड पाणी आणि भारी जमिनीत पाणी साचून मुळांना हवा न मिळणे, ही सर्व कारणे एकत्र आली की पाने केवड्याच्या कणसासारखी पिवळसर दिसू लागतात. विकाराचे मराठी नाव तेथूनच आले असावे. कोवळी पाने पिवळी व त्यांच्या शिरा हिरव्या, हे याचे ओळखचिन्ह. नत्राच्या कमतरतेत याच्या उलट जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह एकदा पानात स्थिरावले की ते नव्या पानाकडे सहजासहजी जात नाही, हे त्याचे कारण.

उपायांत झाक्स यांचा लोहक्षार आजही आहे. बाजारात तो हिराकस या नावाने मिळतो; फेरस सल्फेट ते हेच. चुनखडीच्या जमिनीत कोरडा हिराकस टाकला तर त्यातील लोह थोड्याच काळात पुन्हा अविद्राव्य होते. म्हणून तो हेक्टरी साधारणतः २५ किलो या प्रमाणात चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून देण्याची शिफारस केली जाते. उभ्या पिकावर सुमारे ०.५ टक्का द्रावणाची फवारणी करतात. ती हिरवेपणा आणते, मात्र फवारणीनंतर फुटणारी पाने पुन्हा पिवळी येऊ शकतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून लोहाला सेंद्रिय रेणूत बांधून ठेवणारी चिलेटयुक्त खते वापरात आली. त्यांतील ईडीटीए हा प्रकार चुनखडीच्या जमिनीत फारसा टिकत नाही. ईडीडीएचए टिकतो, परंतु महाग पडतो. महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांनी क्षारयुक्त पाणी व अवर्षण यांवर उपाय म्हणून स्वीकारलेला डॉगरिज खुंट हा खुंटनिवडीच्या त्या जुन्या मार्गाचाच वारसा म्हणता येईल.

शोभेचे निवडुंग

निवडुंग कुळातील वनस्पती मूळच्या जवळजवळ सर्व अमेरिका खंडांतील आहेत. महाराष्ट्रात थोर किंवा काटेरी शेर यांसारख्या चीक असलेल्या वनस्पतींनाही निवडुंग म्हटले जाते, परंतु त्या वेगळ्या कुळातील होत. कुंपणाचा फड्या निवडुंग मात्र खरा. या कुळात पानांचे बहुधा काटे झालेले असतात आणि प्रकाशसंश्लेषणाचे काम हिरवे खोड करते. त्यामुळे झाक्स यांनी मक्याच्या पानांत पाहिलेला क्रम येथे खोडावर दिसतो : जुने अंग हिरवे राहते आणि शेंड्याकडील नवी वाढ फिकट, पिवळट निघते. संपूर्ण अंग एकाच वेळी पिवळे पडत असेल, बुंधा मऊ झाला असेल, किंवा फक्त उन्हाकडची बाजू पिवळी असेल, तर कारण बहुधा लोहाचे नसते. अतिपाण्याने मुळे कुजणे वा ऊन लागणे याचा विचार आधी करावा लागतो. कुजलेल्या मुळांचा निवडुंग कुंडीत लोह असूनही पिवळा पडतो आणि त्याला अधिक खत दिल्याने तो लवकर मरतो.

सोलापूरसारख्या ठिकाणी जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने लहान कुंडीत चुना साठत जातो. मातीच्या पृष्ठभागावरचा व कुंडीच्या बाहेरचा पांढरा थर हे त्याचे चिन्ह आहे. अशा कुंडीतील माती बदलणे आणि शक्य तेव्हा पावसाचे पाणी घालणे हा खत देण्याच्या आधीचा उपाय होय. लोह द्यायचेच झाल्यास मात्रेचे भान ठेवावे लागते. निवडुंग सावकाश वाढतो, म्हणून त्याची गरज अत्यल्प असते, आणि कुंडीतील मूठ-दोन मुठी मातीत जादा क्षार धुऊन जाण्यास वावही कमी असतो. मात्रा अपुरी राहिली तर शेंडा फिकट राहून वाढ खुंटते, पुरेशी झाली की नवी वाढ हिरवी येते, आणि त्यापुढे ती वाढवत नेल्यास वाढ अधिक होत नाही, उलट मुळांची टोके काळी पडून झाड पुन्हा पिवळे दिसू लागते. लोहाच्या अतिरेकाने मँगनीज व स्फुरद यांचे शोषणही अडते. या दुसऱ्या पिवळेपणाला पहिला समजून आणखी हिराकस घालणे ही हौशी बागकामातील नेहमीची चूक आहे. एकदा पिवळे झालेले जुने अंग पुरते हिरवे होईलच असे नाही; उपाय लागू पडला की नाही, हे पुढच्या वाढीवरून पाहावे लागते.

रोपवाटिकांत मिळणारे लाल, केशरी वा पिवळ्या गोळ्याचे कलमी निवडुंग हे या सर्वाला अपवाद आहेत. हे गोळे जिम्नोकॅलिशियम या प्रजातीतील, हरितद्रव्य नसलेल्या रोपांपासून जपानमध्ये १९४० च्या दशकात पैदास केलेल्या वाणांचे असून ते हिरव्या, तीन धारी खुंटावर बांधलेले असतात. खुंट अन्न बनवतो आणि गोळा त्यावर जगतो. त्या गोळ्याचा पिवळा रंग कोणत्याही मात्रेतील लोहाने हिरवा होत नाही. खालचा खुंट पिवळा पडू लागला, तरच लोहाचा विचार करावा लागतो.